मी, सोनूबाईची कोळशाची शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी कोळशाची शेगडी आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर तुमची-माझी कसली आली मैत्री! तुमच्यातल्या निम्म्यांनी कोळशाला कधी हात लावला नसेल. तरी ऐका. मी एका म्हातारीचा जीव घेता घेता राहिले. आणि त्याचा सगळा दोष मी एकटी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते. थोडा तिच्या मुलाला देणार, थोडा मुलीला, थोडा शेजारणीला, आणि त्या पांढऱ्या विजेच्या हीटरला तर मूठभर जास्तच.

माझा जन्म कुर्ल्यातल्या एका गल्लीत झाला. लोहाराने जाड पत्र्याची बादली घेतली, तिच्या पोटाला राख काढायची खिडकी कापली आणि आत सळयांची जाळी बसवली. लोहार तोंडाचा फटकळ होता. गिऱ्हाईकाने भाव पाडायला सुरुवात केली तसा तो म्हणाला, "घ्यायची तर घे, नाहीतर चालू पड." ते गिऱ्हाईक म्हणजे सोनूबाईचा नवरा. सोनूबाई त्याला मालक म्हणायची. मालकांनी मला खांद्यावर टाकलं आणि मुलुंडला आणलं.

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या घरांची वस्ती होती. सोनूबाईने मला आतून माती लिंपली, दोन दिवस उन्हात वाळवलं आणि तिसऱ्या दिवशी कामाला जुंपलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर ती उकडलेली अंडी आणि चहा विकायची. पहिली पाळी सुटायच्या आत माझ्यावर पातेलं खदखदत असायचं. कामगार म्हणायचे, "मावशी, तुमच्या शेगडीवरच्या अंड्याची चव गॅसवर येत नाही." उकडलेलं अंडं ते! गॅसवर काय आणि माझ्यावर काय. पण स्तुती कुणाला नको असते? मी फुगून जायचे.

त्या अंड्यांवर तिने दोन पोरं वाढवली. थोरला कुंडलिक, धाकटी संघमित्रा. जानेवारीत डोंगरावरून वारा उतरला की पोरं माझ्याभोवती हात शेकत अभ्यास करायची. मुंबईत थंडी नसते असं म्हणणाऱ्याने एकदा त्या वस्तीत पहाटे उठून दाखवावं. सोनूबाईची एक शिस्त होती. मला बाहेर ओट्यावर पेटवायचं, धूर पूर्ण जाऊ द्यायचा, कोळसे लाल झाले की मगच आत न्यायचं. तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं. धूर गेला म्हणजे धोका गेला. सगळी वस्ती असंच करत होती आणि कुणालाही कधी काही झालं नाही.

का झालं नाही, ते आता सांगते. त्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चांगली हातभर फट होती. सोनूबाई तिला रोज शिव्या द्यायची. त्यातून थंडी यायची, उंदीर यायचे, पाऊसही यायचा. आणि त्याच फटीतून माझं विष गुपचूप बाहेर जायचं. हे ना मला ठाऊक होतं, ना तिला.

मग मालक वारले. कारखाना बंद पडला. वस्ती पाडली, तिच्या जागी सात मजली इमारत आली आणि सोनूबाईला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. पांढरी फरशी, न्हाणीघर आतच, आणि सरकत्या काचेच्या खिडक्या. एकदा ओढली की मुंगी आत शिरणार नाही. मालकांनी पंचवीस वर्षं कागद जपून ठेवले म्हणून ते घर मिळालं, हे सोनूबाई आल्यागेल्याला सांगायची. "इथून मला चौघं उचलतील तेव्हाच मी हलणार," असं ती म्हणायची, आणि तिच्या तोंडचं ते वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की मला पाठ आहे.

मला तिने पलंगाखाली सरकवलं. माझ्यात जुन्या चपला ठेवल्या. मी, जिच्यावर अख्ख्या पाळीचा चहा व्हायचा, ती चपलांचं कपाट झाले. तुम्हाला कसं वाटलं असतं?

कुंडलिक चेंबूरला राहायला गेला होता, संघमित्रा कांदिवलीला. सोनूबाई एकटी राहायची आणि तिला ते आवडायचं. मध्ये एकदा ती चेंबूरला आठ दिवस राहून आली. हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं, आणि चहा करायला उठलं की "आई, काही हवंय का, मी देते ना," म्हणत सून मध्ये यायची. सून वाईट नव्हती. पण स्वतःचा चहा स्वतः करता येत नाही ते घर कसलं? नवव्या दिवशी सोनूबाई पिशवी उचलून परत आली.

पण वय वाढलं. गुडघे धरले, बोटं वाकडी झाली, थंडीत पाय लाकडासारखे पडायचे. सकाळी मोरीपर्यंत जायला अर्धा तास. कुंडलिक एका रविवारी आला, तिला तसं चालताना बघितलं आणि भडकला. त्याला भीती वाटली की तो भडकतोच.

"आये, आता बस झालं. या थंडीत एकदा जरी तुला काही झालं ना, घराला कुलूप आणि तू चेंबूरला. मी ऐकणार नाही."

"मग मला ऊब दे. कुलूप कशाला देतोस?" सोनूबाई म्हणाली.

तेव्हा त्याने तो पांढरा हीटर आणला. तेलाचा होता म्हणे. उभ्या पात्यांचा, खाली चाकं, वजन म्हणाल तर भरलेल्या गोणीएवढं. दुकानात म्हणे हाच सर्वांत सुरक्षित. असेल बाबा. पण त्याला बटणच नव्हतं! गुळगुळीत काळी काच, तिच्यावर बोट ठेवायचं. सोनूबाईच्या कोरड्या, वाकड्या बोटाला ती काच दादच द्यायची नाही. लागला की टुंई करायचा, बंद झाला तरी टुंई करायचा. चालू आहे की बंद, हे कळायला त्याच्या अंगाला हात लावून बघावं लागायचं. एकदा सोनूबाई तो बंद केला असं समजून बाजारात गेली आणि दोन तासांनी आली तर खोली भट्टीसारखी. त्यात त्याची वायर टीव्हीच्या लांबट बोर्डात खुपसलेली. बोर्डाचं प्लास्टिक वितळून काळं झालं होतं. पलंगाखालून मी हे बघत होते आणि खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला.

मग संघमित्राने तिच्या पसंतीचा पाठवला. छोटा, पंख्याचा, गरम वारा फेकणारा. तिने तो मोबाईलवरून मागवला आणि डब्यातून काढून दाखवायलाही आली नाही. त्याची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. सोनूबाईने काय केलं? जे ती आयुष्यभर माझ्याबरोबर करत आली तेच केलं. अंघोळीचा टॉवेल वाळायला त्याच्या तोंडावर टाकला. माझ्या कडेला टॉवेल लटकवला तर मी वाळवायचे. या बेट्याने तो करपवला. धूर झाला, सोनूबाईने घाबरून प्लग उपटला आणि दोन्ही हीटर जुन्या साडीने झाकून पलंगामागच्या कोपऱ्यात ढकलले. पोरांना फोनवर सांगितलं, "झकास चाललंय." पोरांनी मानलं, कारण मानणं सोपं होतं.

आणि मग पलंगाखालून तिने मला ओढलं.

मी खूश झाले, मित्रांनो. लपवून काय उपयोग? तिने माझी धूळ पुसली, माती पुन्हा लिंपली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर कोळसा आणला. शिस्त जुनीच. मला बाहेर सामाईक पॅसेजमध्ये पेटवलं, धूर जाऊ दिला, लाल झाल्यावर आत. पण त्या पॅसेजमध्ये समोरच्या दारात कुंदा राहते.

कुंदा म्हणजे मालवणकडची, वयाने सोनूबाईपेक्षा बरीच लहान, जिभेने दुप्पट मोठी. तिचे धुतलेले कपडे पॅसेजच्या दोरीवर असायचे. दुसऱ्याच दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्या काय गो, सोनूबाय? माझ्या पांढऱ्या गाऊनाचा बघ काय केलंस! हय काय चूल मांडूची जागा आसा?"

"तुझा गाऊन पांढरा होता कधी?" सोनूबाई म्हणाली.

झालं! रोज सकाळी सात वाजता हा कार्यक्रम. कुंदा दार वाजवून एक हाणायची, सोनूबाई आतून दोन हाणायची. चौथ्या मजल्याला घड्याळ लागत नव्हतं. शेवटी कुंदाने सोसायटीत लेखी तक्रार दिली आणि नोटीस आली: पॅसेजमध्ये कोळसा पेटवायचा नाही.

सोनूबाई हट्टाला पेटली. तिने मला न्हाणीघरात पेटवायला सुरुवात केली. तिथल्या वीतभर झरोक्यातून धूर गेला की मला उचलून खोलीत, पायांपाशी. डोंगराचा वारा येतो म्हणून खिडकी घट्ट ओढलेली. आणि कुंदाला वास जाऊ नये, पुन्हा तक्रार नको, कुंडलिकला कळायला नको, म्हणून दाराखालच्या फटीत तिने जुन्या गोधडीची चिंधी दाबून बसवली. धूर तर गेला होता ना! मग धोका कुठला?

पहिले दोन दिवस ती थोडाच वेळ बसली. डोकं दुखतंय म्हणाली, चहा कमी पडला असेल म्हणाली. तिसऱ्या दिवशी थंडी कडक होती. सोनूबाईने मला काठोकाठ भरलं, पाय माझ्या अंगाजवळ घेतले आणि भिंतीला टेकली. चेहऱ्यावर काय समाधान होतं! बऱ्याच दिवसांनी तिचे पाय गरम झाले होते. मग तिची मान कलली. मला वाटलं, डुलकी लागली. हातातला पेला सुटला, चहा फरशीवर पसरला, तरी ती उठली नाही. सोनूबाई सांडलेला चहा पुसल्याशिवाय बसणारी बाई नव्हे. तेव्हा मला कळलं की काहीतरी भयंकर होतंय आणि ते मीच करतेय.

आणि मी काय करत होते? जळत होते. मला दुसरं येतं काय? मला स्वतःला विझवता येत नाही. मी तिच्याकडे बघत जळत राहिले. माझा मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

सात वाजले. कुंदा आली. दोरीवरच्या चादरीला कुठून तरी डाग लागला होता, तो बहुतेक माझा नव्हताच, पण तिने दारावर थाप मारली.

"सोनूबाय! भायर ये! तुका लाज आसा काय?"

उत्तर नाही.

"बहिरी झालीस काय गो म्हातारे?"

उत्तर नाही. सोनूबाई शिवी ऐकून घेते आणि परत करत नाही, असं त्या मजल्यावर कधी झालं नव्हतं. कुंदाने दारावर खांदाच मारला. वस्तीतली सवय, सोनूबाई दिवसा कडी लावायची नाही. चिंधीमुळे दार अडलं, कुंदाने लाथ घातली, दार उघडलं. तिने काय केलं माहीत आहे? रडली नाही, ओरडली नाही. आधी काखेत धरून सोनूबाईला फरफटत पॅसेजमध्ये नेलं. मग श्वास धरून आत आली, खिडकी सताड उघडली, आणि मला उचलून मोरीत नळाखाली ढकललं. चर्र झालं. तिचा तळवा माझ्या कडीला चिकटून भाजला. माझ्यावर पाणी पडलं याबद्दल मी तिला कधीच दोष देणार नाही, बाकी सगळ्याबद्दल देईन.

तीन दिवसांनी सोनूबाई दवाखान्यातून घरी आली. खोलीत कुंडलिक, संघमित्रा, आणि हाताला पट्टी बांधलेली कुंदा. मी मोरीत उपडी पडले होते. दार उघडं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले माहितीये?" संघमित्रा म्हणाली. "कोळशाला धूर नसला तरी गॅस असतो. रंग नाही, वास नाही. बंद खोलीत माणूस झोपतो तो उठतच नाही. अजून अर्धा तास, दादा. फक्त अर्धा तास."

"आणि तू कुठे होतीस? पार्सल पाठवलं की झालं कर्तव्य?"

"तू तरी काय केलंस? तो धोंडा आणून टाकलास. तिला हलवता तरी येतो का, बघितलंस?"

"मी सगळ्यात महाग घेतला होता!"

"स्वतःसाठी घेतलास तू. तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून."

"बस्स!" कुंडलिकने भिंतीवर हात मारला. "आये, कपडे भर. चावी दे इकडे."

सोनूबाईने कमरेची चावी मुठीत घट्ट धरली. "मला तिथे दिवाणावर मरायचं न्हाई," ती म्हणाली. एवढंच. मोठ्याने नाही. भांडणात कधी मागे न हटणारी बाई इतक्या हळू बोलली की माझ्या पत्र्यावर काटा आला.

"आणि इथे एकटी मेली असतीस तर?" कुंडलिक ओरडला, आणि ओरडता ओरडता रडायला लागला.

मग कुंदा बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती कधी विचारण्याची वाट बघते?

"दोघांनी दोन हीटर हाडल्यात. तिका कोणी विचारल्यान? तिची बोटां बघितल्यान? माझ्या भाच्याक चप्पल घेताना पायात घालून बघतंव, आणि म्हातारीक आग घेताना घरबसल्या? मी नेतंय तिका दुकानात. तिच्या हातान लागलो तर घेवचो, नाय तर नाय."

"आणि नाहीच सापडला तर?" कुंडलिकने विचारलं.

"तर मी चेंबूरला येते," सोनूबाई म्हणाली. आणि तिने चावी फरशीवर, सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. कुंदाने ते चार मजल्यांना सांगितलं, त्यात मीही ऐकलं. स्टेशनजवळच्या दुकानात सोनूबाई स्टुलावर बसली आणि एकेक हीटर मांडीवर घेऊन बघू लागली. एका हाताने उचलता येईना, तो बाद. बटण दाबायला दोन बोटं लागतात, बाद. दुकानदार म्हणाला, "आजी, हा बघा, रिमोटवाला." सोनूबाई म्हणाली, "रिमोट हरवला की मी काय नाचू?" शेवटी एक छोटा निघाला. पुढे दोन कांड्या, त्यांच्यापुढे जाळी, आणि बाजूला जाड गोल खटका. खटका फिरवला की टक्क वाजतो आणि कांड्या लाल होतात. चालू आहे की बंद, हे लांबूनही डोळ्यांना दिसतं. सोनूबाई म्हणाली, "आता हा पडला तर?" दुकानदार म्हणाला, "आपोआप बंद होतो." "पाडून दाखव." "आजी, नवीन माल आहे..." सोनूबाईने पायाने सरळ ढकलून दिला. तो आडवा झाला आणि कांड्या विझल्या. दुकानदाराने कपाळावर हात मारला. सोनूबाई म्हणाली, "हाच."

घरी आल्यावर संघमित्राने भिंतीत त्याच्यासाठी वेगळा, जाड पिनेचा सॉकेट बसवून घेतला. फरशीवर खडूने रेघ मारली: या रेघेच्या आत कपडा, टॉवेल, गोधडी काही नाही. कुंडलिक समोर खुर्ची टाकून बसला, परीक्षकासारखा. सोनूबाईने हीटर उचलला, ठेवला, लावला, बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. दहा वेळा. अकराव्या वेळी तिने विचारलं, "अजून किती बघायचंय, साहेब?"

कुंडलिकने त्या दिवशी फरशीवरून उचलून खिशात ठेवलेली चावी काढली आणि तिच्या हातात दिली. "दोन अटी आहेत, आये," तो म्हणाला. "खिडकी दोन बोटं उघडी राहील. आणि ती शेगडी या घरात राहणार नाही."

माझ्या मनात आलं, आता म्हातारी भांडेल. मालकांनी खांद्यावरून आणलेली मी! पण सोनूबाईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची हाक आली तशी तिने मला स्वतः उचललं. लिफ्टमध्ये कुंदाने हात पुढे केला तर म्हणाली, "माझी आहे, मीच नेणार."

भंगारवाल्याने मला उलटसुलट करून बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. "आजी, काय मजबूत माल आहे! असली जुनी शेगडी आता मिळत नाही. थंडीत लोक शोधत येतात. आजच्या आज विकली जाईल."

मित्रांनो, किती वर्षांनी कुणी माझी स्तुती केली! मी पुन्हा फुगले. कुठल्यातरी घरात पुन्हा कोळसे, पुन्हा कुणाचे तरी गारठलेले पाय.

"विकायची न्हाई," सोनूबाई म्हणाली. "घण घे. माझ्यासमोर चेपून टाक."

"अहो आजी, चांगली चालू वस्तू आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "ती कुणाच्या तरी बंद खोलीत जाईल. त्या बाईच्या समोर कुंदा राहत असेलच असं न्हाई."

मला राग आला. पन्नास वर्षं हिची पोरं शेकली, हिची अंडी उकडली, आणि ही मला ठेचायला सांगते! मी मनातल्या मनात तिला काय काय बोलले ते इथे सांगणार नाही. मग तिने माझ्या कडीवर हात ठेवला, वाकड्या बोटांनी एकदा घासून पुसली आणि मागे सरकली. माझा राग टिकेना.

भंगारवाल्याने घण उचलला आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. म्हाताऱ्या माणसाला ऊब द्यायची तर आधी त्याच्या हाताला काय जमतं ते बघा. दुकानदाराला विचारायच्या आधी त्याला विचारा. आणि माझ्यासारखी कुणी तुमच्या पलंगाखाली असेल, तर आठवण म्हणून जपू नका. आठवण ठेवायला माणूस जिवंत लागतं.

मार रे, बाबा. सोनूबाई उभी आहे थंडीत.